पट्टीने आखलेल्या ओळी

९ जानेवारी

प्रिय कानसेन,

तू पाठवलेली आरामखुर्ची पोचली. "फुकटच समज, गिऱ्हाइकाने पंपाच्या बदल्यात दिली," असं चिठ्ठीत लिहिलंस. त्या फुकटाचा हिशोब असा: दाराची चौकट एक. ती काढून परत बसवायला सुताराचे दोन दिवस. शेजारच्या पहिलवानाची कंबर, बहुधा कायमची. खालच्या मजल्यावरच्या बाईंशी असलेला पंधरा वर्षांचा सलोखा, कारण खुर्ची चार तास जिन्यात अडकली होती, बाई जिन्याच्या खाली होत्या आणि त्यांचं दूध वर गॅसवर होतं. शिवाय माझं टेबल. ते आता बाल्कनीत उभं आहे, कारण खोलीत एक तर खुर्ची राहते किंवा टेबल.

मी एकतीस वर्षं नकाशाच्या कचेरीत लोकांच्या जमिनींची मापं कागदावर उतरवली, आणि माझ्या सख्ख्या भावाला दाराचं माप विचारावंसं वाटलं नाही. खुर्ची चांगली आहे. तिच्यातच बसून लिहिते आहे.

आता दुसरी बातमी. तीन वर्षांपूर्वी माझ्या छातीतून काढलेली गाठ आठवत असेल. जाताना तिने नवा पत्ता ठेवला नव्हता. तो आता सापडला. यकृतात बिऱ्हाड केलं आहे, एकटीने नाही, तिघींनी. दोन तऱ्हांची औषधं देऊन झाली. त्यांनी माझे केस नेले, त्या तिघींना धक्काही लावला नाही.

आता नळीवाले डॉक्टर म्हणतात, जांघेतून एक बारीक नळी आत घालायची, ती यकृताच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि तिच्यातून केसाहून बारीक काचेचे मणी सोडायचे. प्रत्येक मण्यात किरण भरलेले. गाठींना त्या रक्तवाहिनीचं रक्त फार आवडतं म्हणे, त्यामुळे मणी बरोबर त्यांच्या दारात जाऊन बसतात आणि आतून भाजून काढतात. यकृताचा चांगला भाग दुसऱ्याच वाहिनीवर जगतो, म्हणून तो बराचसा वाचतो. मी विचारलं, "बरी होईन?" ते म्हणाले, "वेळ मिळेल." किती ते म्हणाले नाहीत. दुकानदार असते तर मी दुसऱ्या दुकानात गेले असते.

लेकीला आठवा लागला आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मोकळी होईल. मागच्या वेळी ती एकटी होती आणि रिकाम्या हाताने घरी आली, ते तुला माहीत आहे. या वेळी तिचा हात माझ्या हातात असेल असा शब्द मी दिला आहे. तो मोडणार नाही.

फोन करू नकोस. तीन वर्षांपूर्वी आपलं ठरलंय. फोनवर तू माझा आवाज ऐकून आतलं सगळं ओळखतोस आणि मला खोटं बोलण्याची सोय राहत नाही. पत्राला आवाज नसतो. तेव्हा तू एका शब्दानेही वाद न घालता कबूल झालास, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तुझी ताई


१६ जानेवारी

ताईसाहेबांना दंडवत.

चौकटीचं वाचून वाईट वाटलं. पण तुझी चौकट मुळातच अरुंद होती, हे आता उघड झालं ते बरंच झालं.

बिऱ्हाडाची बातमी मी तीनदा वाचली. ही म्हणाली, "आता काही लिहू नका, आधी जेवा." जेवलो नाही. दुकानात जाऊन एक पंप उघडला आणि परत बसवला. मग डोकं चालायला लागलं.

तू ज्या डॉक्टरांचं लिहितेस त्यांचं काम म्हणजे आमचंच काम. नळी घालायची, दाब सांभाळायचा, माल जिथे पाहिजे तिथे उतरवायचा. फरक एवढाच की ते पांढरा कोट घालतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याशी घासाघीस करत नाही. यात एक धोका आहे, तो त्यांना सांग. यकृताकडे जाणाऱ्या लायनीला पोटाकडे जाणारी फांदी असणारच. निसर्गाने असो की कंत्राटदाराने, सगळ्यांनी फांद्या काढून ठेवलेल्या असतात. ती फांदी आधी बुचाने बंद केली पाहिजे, नाहीतर मणी पोटात उतरतील आणि नको तिथे भाजतील. सोबत आकृती पाठवतो. डॉक्टरांना दाखव, लाजू नकोस. मीही कधीकधी डॉक्टरांचा सल्ला घेतो.

पत्राचं म्हणशील तर तुझी सोय मी कधी मोडली नाही. पण आवाज नसला म्हणून मला कळणार नाही, या भ्रमात राहू नकोस. चाळीस वर्षं स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानावर ठेवून आतली कुठली बेअरिंग कण्हते आणि कुठली नुसतं नाटक करते ते सांगत आलो. गेल्याच महिन्यात एका गिरणीत पाच पंप एकदम धडधडत होते. तीन इंजिनिअर यंत्रं लावून बसले होते. मी दारातूनच म्हणालो, "दोन नंबरचा." आत पाऊलही टाकलं नाही. डावा कान तर माझा असा आहे की गिऱ्हाईक पैसे बुडवणार हे त्याच्या चपलेच्या आवाजावरून सांगतो.

तेव्हा जपून लिही.

तुझा भाऊ


५ फेब्रुवारी

प्रिय कानसेन,

तुझी आकृती डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती आधी उलटी धरली, मग सुलटी, आणि विचारलं, "हे पंपघर कुठलं?" मी म्हटलं, माझं यकृत आहे, भावाने काढलंय. मग फार सभ्यपणे म्हणाले की पोटाकडची फांदी बंद करणं हे ते तुमच्या बंधूंच्या आधीच शिकून आले आहेत. आणि तसंच केलं. तारेची एक इवलीशी गुंडाळी आत ठेवून दिली. तुझं बूच. आता तू सगळ्या गिऱ्हाइकांना सांगणार की मोठ्या दवाखान्यात माझ्या सल्ल्याने चालतं. सांग.

परवा झाली ती रंगीत तालीम. खरे मणी सोडण्याआधी खोटे मणी सोडून पाहतात की माल कुठे कुठे गळतो. फार गळून फुफ्फुसात जात असेल तर उपचारच करत नाहीत. माझे शंभरातले चार तिकडे गेले. चालतं म्हणे. तुझ्या कुठल्याही लायनीपेक्षा कमी गळती आहे.

मग त्यांनी मला माझ्या रक्तवाहिन्यांचा नकाशा दाखवला. मोठ्या कौतुकाने. मी चष्मा लावून पाहिला. उत्तर दिशा दाखवलेली नाही. प्रमाण लिहिलेलं नाही. सूची नाही. आमच्या कचेरीत असा कागद टेबलावर आला असता तर साहेबांनी काढणाऱ्याला दुपारभर उभं केलं असतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, उत्तर म्हणजे तुमचं डोकं." मला आवडला तो माणूस.

बाकी सर्व ठीक आहे. खरा उपचार वीस तारखेला ठरला होता, तो मी एप्रिलमध्ये घेण्याचं ठरवलं आहे. डॉक्टरांच्या मते दोन महिन्यांनी काही फरक पडत नाही. रक्ताचे अहवाल समाधानकारक आहेत. घरात थोडी कामं आहेत, ती उरकून घेईन. काळजी नसावी.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ताई,

पहिलं पान वाचून हसलो. दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. दुसरं पान दिव्यासमोर धरलं.

तू सातवीत वसतिगृहावर होतीस तेव्हा बाबांना पत्र पाठवलं होतंस, "मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, काळजी नसावी." बाबांनी ते पत्र असंच कंदिलासमोर धरलं होतं. पेन्सिलीने आखलेल्या आणि मग खोडरबराने पुसलेल्या ओळी दिसल्या. त्याच दिवशी ते निघाले आणि विषमज्वराने फणफणलेली मुलगी खांद्यावर टाकून घरी घेऊन आले. मी पाच वर्षांचा होतो, पण एवढं लक्षात राहिलं.

खरं लिहितेस तेव्हा तुझ्या ओळी उताराला लागलेल्या गाडीसारख्या कोपऱ्याकडे घसरतात. खोटं लिहायचं असलं की आधी पट्टी घेतेस. जन्मभर नकाशे काढलेस, खोट्यालाही सरळ बांध घातल्याशिवाय तुला चैन पडत नाही. या पत्रातलं पंपघर, साहेब, डोकं सगळं घसरलंय. "बाकी सर्व ठीक आहे" पासून ओळ अशी सरळ की तिच्यावर पाणसळ ठेवावी. आणि "समाधानकारक" हा शब्द आपल्या घराण्यात कुणी कधी वापरला नाही.

तेव्हा मी उद्या सकाळच्या गाडीने भाचीकडे जातो. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी तिच्याकडे चहा पिऊन परत निघालो असेन. तू तिला जे सांगितलं नाहीस असं मला वाटतं, ते मी सांगणार आहे. मला नक्की माहीत नाही, पण अंदाजाने सांगेन. ती खरं काढून घेईल. आईवर गेली आहे.

भाऊ


१४ फेब्रुवारी

कानसेन की कळीचा नारद,

सात तास गाडीत बसून आलास, माझ्या लेकीच्या घरी आग लावलीस आणि माझ्या घरी पाय न ठेवता संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. तीन गल्ल्यांचं अंतर होतं. एवढीच घाई होती तर भाचीला फोन का नाही केलास? फोन न करण्याचा करार माझ्याशी आहे, तिच्याशी नाही.

तू गेल्यावर ती आली. पोट पुढे, एक हात कमरेवर, दोन जिने चढून. मी तुझ्या खुर्चीत होते. तिचं तोंड पाहून उठून स्वयंपाकघरात सटकणार होते, तर घाईत तुझ्या खुर्चीचा कुठला तरी दांडा ओढला गेला आणि पाय वर होऊन मी आडवी झाले. सगळं भांडण मी छताकडे बघत केलं.

"आई, डोळे पिवळे दिसतात. कावीळ किती आहे?"

"कुणाची?"

"पहिलवानाची. तुझी किती आहे?"

सांगितली.

"डॉक्टर काय म्हणाले? शब्दशः सांग. दिवा लावू का?"

तू तिला तेही सांगितलंस तर.

शब्दशः सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, आज देता येईल. कावीळ एका रेषेच्या वर गेली की यकृताला हा उपचार सोसत नाही, दार बंद. एप्रिलमध्ये आलात तर मी तुम्हाला फक्त चहा पाजू शकेन.

"मग पुढे का ढकललंस?"

"कारण उपचारानंतर दहा दिवस गरोदर बाईच्या जवळ जायचं नाही आणि तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायचं नाही. किरण असतात. आणि मी तुला शब्द दिलाय."

मला छत दिसत होतं, तिचं तोंड दिसत नव्हतं.

"मागच्या वेळी तू असतीस तरी तेच झालं असतं," ती म्हणाली. "मला एक दिवसाची आई नकोय. नंतरची हवी. बाळ शाळेत जाईल तेव्हाची."

"तेवढं ते कबूल करत नाहीत गं."

"मग करतात तेवढं घेऊ. घासाघीस करायला मामा आहे."

मग तिने मला खुर्चीतून उठवायचा प्रयत्न केला. पोटामुळे तिला वाकता येईना, खुर्चीमुळे मला उठता येईना. शेवटी पहिलवानाला हाक मारली. तो कंबर धरून आला.

वीस तारीख कायम झाली. ही सगळी ओळ बघ, खाली घसरली आहे.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

फोनचं म्हणशील तर अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. एवढंही कळत नाही?

तुझ्या घरी आलो नाही, कारण आलो असतो तर तू मला बोलण्यात हरवलं असतंस. मी धंदेवाईक माणूस आहे, हरणारा सौदा करत नाही.

ही उद्याच्या गाडीने येते आहे. बाळंतपणात हात धरायला माणूस लागतं ना, तो हिचा धर म्हणावं. पंपाचे गंजलेले नट ती हाताने सोडवते. तुझ्या लेकीला निदान कळ कुठून येते आहे याचा घोळ होईल. हिच्याबरोबर पोलादी टेप पाठवतो. डॉक्टर जेवढं अंतर सांगतील तेवढं खुर्चीपासून मोजून जमिनीवर खडूने रेघ मार. नकाशावाली आहेस, उत्तर दिशाही दाखव.

मी येत नाही. दुकान आहे.

भाऊ


५ मार्च

प्रिय कानसेन,

मणी एका जाड पेटीतून आले, मंत्र्यासारखे. आजूबाजूला चार माणसं, आणि चौघंही पेटीपासून लांब उभी. मी मात्र त्यांना पोटात घेणार होते. मला झोपवलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, "उत्तरेकडे निघाले का?" ते म्हणाले, "निघाले, आजी." तासाभरात आटोपलं. इतक्या गाजावाजानंतर मला वाटलं होतं निदान उजेड तरी पडेल.

पुढचे दिवस मी भिजलेल्या पोत्यासारखी पडून होते. थोडा ताप, थोडी मळमळ, बरगडीखाली कुणीतरी इस्त्री विसरून गेल्यासारखं. तुझ्या बायकोने खडूची रेघ मारली आणि पहिलवानाला सांगितलं, "याच्या पुढे आलात तर तुम्ही जबाबदार." तो बिचारा रेघेपलीकडून जेवणाचं ताट काठीने सरकवायचा.

चोवीस तारखेला दुपारी लेकीला नेलं. ठरल्याहून चार दिवस आधी. उपचार होऊन चारच दिवस झाले होते. मी खुर्चीत. तीन तास मी कडीकडे बघत बसले. एकदा उठून चपला घातल्या. दारापर्यंत गेले. रेघेवर उभी राहिले. रेघ लोकांनी माझ्यापासून लांब राहावं म्हणून मारली होती, पण त्या दिवशी ती माझ्यासाठी होती. परत येऊन बसले. चपला पायातच राहिल्या.

मुलगी झाली. लेकीने हात सोडला तेव्हा तुझ्या बायकोच्या मनगटावर चार बोटं उमटली होती. ती दाखवत फिरते आहे.

घरी नेताना त्यांनी गाडी माझ्या खिडकीखाली थांबवली. लेकीने दुपटं वर धरलं. दुसऱ्या मजल्यावरून बाळ म्हणजे एक पुरचुंडी दिसते. मी हात हलवला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही हलवला. त्यांना वाटलं मी त्यांच्याशी समेट करते आहे. असू दे.

काल डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ती माझ्या मांडीवर आली. रडली ती अशी की तुझ्या पाच पंपांच्या गिरणीत उठून ऐकू यावं. ये आणि कान लाव.

ताई


११ मार्च

ताई,

कान लावायला येण्याची गरजच नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी हिने दवाखान्यातून दुकानात फोन केला होता आणि बाळाच्या तोंडाशी धरला होता. मी दहाच सेकंद ऐकलं. खणखणीत. एकही बेअरिंग सैल नाही, दाब पुरेपूर. हिला तसं लगेच सांगितलंही.

चपलांचं वाचलं. ते पान दिव्यासमोर धरलं नाही.

भाऊ


३ जून

प्रिय कानसेन,

तीन महिन्यांनी यकृताचा फोटो काढला. नकाशाला याही वेळी सूची नव्हती. तिघींपैकी दोघी निम्म्याहून लहान झाल्या आहेत. तिसरी होती तेवढीच आहे, जुन्या भाडेकरूसारखी, वाढत नाही आणि निघतही नाही. नवीन बिऱ्हाड नाही. कावीळ उतरली आहे. डॉक्टर म्हणाले, "छान आहे." आणि लगेच पुढचा शब्द म्हणाले, "सध्या." मी म्हटलं, सध्यातच राहते मी, दुसरीकडे जागा घेतलेली नाही. हे पान हवं तर दिव्यासमोर धर.

आता तुझ्याकडे वळते.

काल लेक बाळाला घेऊन आली होती. तुझं मार्चचं पत्र तिला वाचून दाखवलं. खणखणीत, दाब पुरेपूर. ती म्हणाली, "आई, मामीने फोन धरला तेव्हा बाळ झोपलं होतं. तिने हूं की चूं केलं नाही. मामा पलीकडून कौतुक करत होता आणि मामी फोनकडे बघत राहिली. मग फोन ठेवून मला म्हणाली, 'तुझ्या आईला सांगू नकोस.'" तीन महिने पोटात ठेवलं पोरीने. आईवर गेली आहे, असं तूच म्हणाला होतास.

मी मग जरा विचार केला. वाद न घालता पत्रांना कबूल झालास. सात तास गाडीत बसून आलास, पण फोन केला नाहीस. माझ्या तोंडी बोलण्याला घाबरून जिना चढला नाहीस.

कानसेन, खरं काय ते लिही. पट्टी घेऊ नकोस.

ताई


९ जून

ताई,

पट्टी घेतलेली नाही.

तुझ्या ऑपरेशनच्या थोडं आधीच ते सुरू झालं. चाळीस वर्षं धडधडीच्या शेजारी बसल्याचं व्याज. डावा कान पूर्ण गेला. उजव्यात यंत्र आहे, केसांखाली दिसत नाही. समोरासमोर एक माणूस हळू बोलला तर जमतं. फोनवर नुसतं खरखर. तू म्हणालीस फोन नको, पत्र लिही, तेव्हा मला वाटलं देवच बोलला. तू मला फसवायला पत्रं मागितलीस आणि मी तुझ्यापासून लपायला दिली. दोघांचंही भागलं.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या गाठीपुढे तक्रार करायला माझ्याकडे तेव्हा नुसता कान होता.

रविवारी येतो. खुर्ची तिथेच ठेव, टेबलही आत कसं मावेल ते मी आणि पहिलवान माप घेऊन बघू. बाळाला माझ्या उजव्या बाजूला दे. आणि रडली नाही तरी चालेल. तिच्या पाठीवर हात ठेवला की मला कळेल. पंपांचंही मी आता तसंच करतो. तळहात ठेवला की थरथरीवरून बेअरिंग ओळखता येते, वेळ लागतो एवढंच. गिऱ्हाइकासमोर स्क्रूड्रायव्हर कानाला लावतो, कारण त्याचे पैसे मिळतात.

आणि गिरणीतल्या त्या दोन नंबरच्या पंपातून धूर येत होता. तिघे इंजिनिअर तेव्हा जेवायला गेले होते.

भाऊ